आकडा कोणत्या हद्दीचा?

२००१ च्या जनगणनेत वर्धा नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे १ लाख ११ हजार माणसे मोजली गेली. २०११ मध्ये त्याच हद्दीचा आकडा सुमारे १ लाख ६ हजार भरला. दहा वर्षांत पाचेक हजार माणसे कमी! नुसता कागद पाहणाऱ्याला वाटेल, शहराला उतरती कळा लागली. पण ती दहा वर्षे वर्ध्यात काढलेल्या माणसाला हे सांगून पाहा, तो हसेल. त्याच काळात शहराच्या चहूबाजूंनी लेआऊट पडत होते, कालपर्यंत कपाशी असलेल्या वावरात प्लॉटच्या खुंट्या ठोकल्या जात होत्या.

मग माणसे गेली कुठे? फार लांब गेली नाहीत. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही गावे शहराला इतकी खेटून आहेत की कुठे नगरपरिषद संपते आणि कुठे ग्रामपंचायत सुरू होते हे रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही. बाजार तोच, शाळा त्याच, रेल्वे स्टेशन तेच. फक्त घरटॅक्सची पावती वेगळ्या कार्यालयाची. माणसे शहरातच राहिली, पण शहराच्या हद्दीबाहेर राहिली. जनगणनेने माणसे बरोबर मोजली. ती कोणत्या रकान्यात मांडायची हे मात्र हद्दीने ठरवले.

सरकारी आकडेवारीतली ही हद्द कोण आखतो, कधी बदलतो, बदलल्यावर जुने आकडे नव्याशी कसे जुळवतात, हे एकेक पायरी घेऊन पाहू. त्यासाठी वर्धा जिल्हा सोयीचा आहे. त्याची बाहेरची हद्द फारशी हललेली नाही, पण आतल्या रेघा पुष्कळदा बदलल्या आहेत.

बाहेरची हद्द तीच, पुस्तक वेगळे

नागपूर जिल्हा कारभाराला फार मोठा पडतो म्हणून १८६२ मध्ये त्यातून वर्धा वेगळा काढला. सुरुवातीचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर आणले, तिथे नवे शहर आखले आणि नदीवरून त्याला वर्धा हे नाव दिले.

१९०१ च्या जनगणनेत या जिल्ह्याचे क्षेत्रफळ २,४२८ चौरस मैल आणि लोकसंख्या ३ लाख ८५ हजार १०३ होती. ते चौरस मैल आजच्या मापात सुमारे ६,२९० चौरस किलोमीटर होतात. आज जिल्ह्याचे क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर मानले जाते. शंभर वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन मोजण्यांत एवढे तर उन्नीस-बीस व्हायचेच. पश्चिमेला वर्धा नदी वाहते, पलीकडे अमरावती आणि यवतमाळ. नदीची ही रेघ इंग्रजी अमदानीच्या आधीपासून नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि वऱ्हाड यांच्यामधली म्हणून ओळखली जाते.

हद्द तीच राहिली, पण जिल्ह्याचे घर बदलत गेले. आधी मध्य प्रांत, १९०३ पासून मध्य प्रांत व वऱ्हाड, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. त्यामुळे वर्ध्याचा १९५१ चा आकडा हवा असेल तर मध्य प्रदेशाचे जनगणना पुस्तक उघडावे लागते. महाराष्ट्राच्या कपाटात तो शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

आतमध्ये तर पूर्ण मांडणी बदलली. पूर्वी जिल्ह्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट अशा तीनच तहसिली होत्या. आज आठ आहेत. ढोबळ मानाने सांगायचे तर जुन्या वर्धा तहसिलीतून देवळी आणि सेलू निघाले, आर्वीतून आष्टी आणि कारंजा, हिंगणघाटातून समुद्रपूर. म्हणजे जुन्या पुस्तकातला ‘आर्वी तहसील’ आणि आजचा ‘आर्वी तालुका’ नावाने एक असले तरी भूगोलाने एक नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवून आर्वीची लोकसंख्या घटली म्हणणे म्हणजे वाटणी झालेल्या घरात ‘माणसे कमी झाली’ म्हणून हळहळण्यासारखे आहे.

विटा: मौजा, शिवार आणि रिठी

जिल्हा, तालुका, विभाग या सगळ्या भिंती. त्यांची वीट म्हणजे महसुली गाव, आपल्याकडच्या सातबाऱ्यावर लिहितात तो ‘मौजा’. विदर्भातला जुना दस्तऐवज पाहिला तर मौजा, त्यापुढे पटवारी हलका नंबर, मग तहसील आणि जिल्हा असा क्रम सापडतो. प्रत्येक मौजाला ठरलेले शिवार असते, त्याचा नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे असतो आणि शेजारच्या गावाचा धुरा कुठे लागतो हे त्यात आखलेले असते.

ग्रामीण भागात जनगणना हीच वीट वापरते. ग्रामपंचायत वापरत नाही. कारण ग्रामपंचायत कधी एका मौजाची असते, कधी चार छोट्या गावांची मिळून गट ग्रामपंचायत असते आणि ती फुटते, जुळते. मौजा त्यामानाने टिकाऊ. वस्ती उठून गेली तरी मौजा मरत नाही. ज्या गावात आता कुणी राहत नाही, फक्त शेती उरली आहे, त्याला आपण ‘रिठी’ म्हणतो. जनगणनेच्या गावयादीत रिठीचे नाव असते, क्षेत्रफळ असते आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य असते. धरणाखाली गेलेल्या गावांचेही असेच. माणसे पुनर्वसनाच्या वसाहतीत, बहुधा जुनेच नाव घेऊन, दुसऱ्याच शिवारात मोजली जातात.

आता नावांचा घोळ पाहा. वर्धा जिल्ह्यात दोन प्रसिद्ध सिंदी आहेत. एक सेलू तालुक्यातली सिंदी (रेल्वे), तिथे नगरपरिषद आहे. दुसरी वर्धा शहराला लागून असलेली सिंदी (मेघे). कंसातला शब्द गळला की एका सिंदीची माणसे दुसऱ्या सिंदीत गेलीच. कारंजाही दोन: आपले कारंजा (घाडगे) आणि वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड). सर्वात मासलेवाईक गोष्ट सेवाग्रामची. गांधीजी १९३६ मध्ये जिथे राहायला आले त्या गावाचे नाव सेगाव. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहेच, तेव्हा टपालाची गल्लत होऊ लागली. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९३१ च्या यादीत सेवाग्राम शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. जागा आहे, शिवार आहे, पण नाव वेगळे.

म्हणून जनगणना नावावर विसंबत नाही, संकेतांक देते. २०११ च्या पद्धतीत राज्याला दोन अंक, जिल्ह्याला तीन, तालुक्याला पाच आणि गाव किंवा शहराला सहा अंक होते. महाराष्ट्र २७, वर्धा ५०४. हे जिल्हा-क्रमांक सगळ्या देशाला सलग दिलेले होते. २००१ मध्ये ते प्रत्येक राज्यात वेगळे सुरू होत आणि तेव्हा वर्ध्याचा क्रमांक ८ होता. म्हणजे जी गल्लत टाळायला संकेतांक आणले, तेच संकेतांक दर दहा वर्षांनी बदलले. दोन जनगणनांची तुलना करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे जुन्या क्रमांकापुढे नवा क्रमांक लिहिलेली जोडयादी तयार करणे. काम कंटाळवाणे असते, पण ते टाळून पुढचे काही खरे होत नाही.

रेघ कोण हलवतो?

आकडेवारीचे खाते स्वतः हद्दी आखत नाही. ते दुसऱ्यांनी आखलेल्या हद्दी जशाच्या तशा उचलते. तालुका, जिल्हा, महसुली विभाग यांची रचना राज्य शासन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली करते. आधी प्रारूप अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात, त्यांचा विचार होतो आणि मग राजपत्रात अंतिम अधिसूचना येते. ज्या तारखेपासून ती लागू, त्या तारखेपासून नवी रेघ खरी. नगरपरिषद आणि नगरपंचायतीची हद्द १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने ठरते, ग्रामपंचायतीचे गाव १९५८ च्या अधिनियमाने. तीन कायदे, तीन खाती, तीन फाइली.

गाव नगरपंचायत झाले की त्याचा एक मौजा शहरात येतो, कधी अर्धाच येतो. अर्धा आला तर जनगणनेच्या यादीत त्याच नावाच्या दोन नोंदी होतात, एक शहरातली आणि एक गावातली. पुढच्या दहा वर्षांनी कुणीतरी गावातली नोंद पाहून ‘गाव ओस पडले’ असा निष्कर्ष काढतो. गाव ओस पडलेले नसते, रेघेच्या पलीकडे गेलेले असते.

हद्दी गोठवणे

मोजणी चालू असताना हद्दी हलत राहिल्या तर काय होईल? एकाच मोहल्ल्यात दोन प्रगणक जातील, किंवा एकही जाणार नाही. म्हणून जनगणनेच्या आधी एक तारीख ठरते आणि त्या तारखेला असलेल्या प्रशासकीय हद्दी गोठवल्या जातात. २०११ साठी ही तारीख ३१ डिसेंबर २००९ होती. त्यानंतर झालेला कोणताही बदल २०११ च्या पुस्तकात दिसत नाही.

२०२१ ची जनगणना करोनामुळे पुढे ढकलली, तेव्हा गोठवण्याची तारीखही पुढे जात राहिली. मुदतवाढीमागून मुदतवाढ होत २०२४ चा जून उजाडला. शेवटी १६ जून २०२५ ला नवी अधिसूचना निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला. हद्दींमधले बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उरकून घ्यावेत आणि १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ या काळात त्यांना हात लावू नये, असे राज्यांना कळवले गेले.

हद्द गोठली की तिच्या आत आणखी बारीक रेघा ओढल्या जातात. एका प्रगणकाने हिंडायचा भाग म्हणजे प्रगणक गट. २०११ मध्ये तो साधारण सव्वाशे घरांचा, सहा-साडेसहाशे माणसांचा धरला होता. ग्रामीण भागात मोजणीचे काम सांभाळणारा चार्ज अधिकारी बहुधा तहसीलदार, नगरपरिषदेत मुख्याधिकारी. प्रगणक, आणि तो बहुतेक वेळा शिक्षक असतो, आधी गटात फिरून नजरी नकाशा काढतो: इथे हनुमानाचे देऊळ, इथे हातपंप, इथून रस्ता वळतो, इथपर्यंत माझे, पुढे शेजारच्या गटाचे. गटाची सीमा शक्यतो जमिनीवर दिसणारी असावी लागते. नाला, रस्ता, रेल्वेचा रूळ चालतो. ‘अमक्याच्या घरापर्यंत’ असे लिहिले आणि ते घर पडून तिथे नवी इमारत आली की सीमाच हरवते.

प्रगणक गटाचे महत्त्व जनगणनेपुरते नाही. जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण, नगरपरिषदेचे प्रभाग आखतानाही हेच प्रगणक गट विटेसारखे रचतात, कारण त्यांचीच लोकसंख्या अधिकृत असते. प्रभागरचनेच्या हरकतींमध्ये ‘प्रगणक गट फोडला’ ही तक्रार का येते, ते यावरून समजेल.

जुने आकडे नव्या साच्यात

हद्द बदलली की जुने आकडे फेकून देत नाहीत, नव्या साच्यात पुन्हा मांडतात. याचे स्वच्छ उदाहरण पालघरचे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि महाराष्ट्रात ३६ जिल्हे झाले. २०११ च्या पुस्तकात पालघर नावाचा जिल्हाच नाही. पण वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके त्यात आहेत. त्यांची बेरीज केली की २९ लाख ९० हजार ११६ येते. जुन्या ठाण्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार १४८. वजाबाकी केली की उरलेले ठाणे ८० लाख ७० हजार ३२. तालुके अखंड गेले म्हणून हिशोब इतका सोपा. २०२७ चे ठाणे २०११ च्या ठाण्याशी ताडायचे तर या ८० लाखांशी ताडायचे, १ कोटी १० लाखांशी नाही.

जनगणना खाते हे काम स्वतःही करते. १९०१ पासूनची दशकवार वाढ दाखवणारा तक्ता ते छापते आणि त्यात मागचे आकडे आजच्या हद्दीप्रमाणे जुळवून घेतलेले असतात. म्हणून त्या तक्त्यातला १९६१ चा आकडा आणि १९६१ च्या मूळ पुस्तकातला आकडा काही जिल्ह्यांत वेगळे दिसतात. दोन्ही बरोबर असतात, हद्द वेगळी असते.

वीटच फुटली तर मात्र डोके लावावे लागते. समजा, ४,००० वस्तीच्या एका मौजाचा एक चतुर्थांश भाग शहराला जोडला. जुन्या ४,००० पैकी किती माणसे शहराची मानायची? क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटली तर १,०००. पण जोडलेला भाग नेमका दाट वस्तीचा आणि उरलेला नुसता वावरांचा असेल तर? मग खरा आकडा ३,००० च्याही वर जाईल. अशा वेळी जुन्या प्रगणक गटांची बेरीज हाती असेल तर ती वापरावी. नसेल तर अंदाज करावा आणि तो अंदाज असल्याचे तळटीपेत लिहावे.

दुसरी चूक टक्केवारीची. दोन तालुके एकत्र आले की त्यांच्या टक्केवारीची सरासरी काढण्याचा मोह होतो. कल्पनेतले दोन तालुके घेऊ. पहिल्यात ९०,००० माणसे, त्यांपैकी ७२,००० साक्षर, म्हणजे ८० टक्के. दुसऱ्यात ३०,००० माणसे, १८,००० साक्षर, म्हणजे ६० टक्के. ८० आणि ६० ची सरासरी ७०. खरे उत्तर? एकूण १ लाख २० हजारांत ९०,००० साक्षर, म्हणजे ७५ टक्के. टक्के मिसळायचे नसतात. आधी माणसे मिसळायची आणि मग टक्के काढायचे.

गाव की शहर?

आता पुन्हा वर्ध्याच्या वेशीवर येऊ. जनगणना दोन प्रकारची शहरे मानते. पहिली कायद्याने झालेली: महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत. २०११ मध्ये जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या सहा नगरपरिषदा होत्या. दुसरी जनगणना नगरे. गाव ग्रामपंचायतीचेच असते, पण तीन कसोट्यांना उतरले की जनगणना त्याला शहर म्हणते: किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी. ही कसोटी मोजणीच्या आधी लावावी लागते. त्यामुळे २०११ साठी २००१ चे आकडे घेतले आणि दहा वर्षांची वाढ गृहीत धरून लोकसंख्येची अट ४,००० वर आणली.

तिसरी कसोटी तर थेट हद्दीचीच. दाटी म्हणजे माणसे भागिले क्षेत्रफळ. ज्या मौजाचे शिवार मोठे त्याची दाटी कमी निघते, मग चौकात कितीही गर्दी असो. दोन सारख्याच वस्त्यांपैकी लहान शिवाराची शहर ठरते आणि मोठ्या शिवाराची गाव राहते.

वर्ध्याभोवतीची काही गावे २०११ मध्ये अशी जनगणना नगरे ठरली. परिणाम पाहा. २००१ मध्ये जिल्ह्यातले सुमारे २६ टक्के लोक शहरी होते, २०११ मध्ये ते ३२ टक्क्यांच्या पुढे गेले. एकूण जिल्हा मात्र १२ लाख ३६ हजार ७३६ वरून १३ लाख ७७४ वर गेला, वाढ जेमतेम ५.१८ टक्के. खुद्द वर्धा शहर घटले, हिंगणघाट ९२ हजारांवरून १ लाख १ हजारांच्या पुढे गेले. मग नागरीकरणाची उडी कशाने? तिचा मोठा वाटा गावांचा शिक्का बदलण्याचा आहे. माणसे होती तिथेच होती आणि त्यांचा रकाना बदलला. हा बदल खोटा नाही. त्या गावांचे रूप खरोखरच शहरी झाले होते. पण तो दहा वर्षांत हळूहळू झाला आणि तक्त्यात एका रात्रीत दिसला.

यात एक गंमतही आहे. जनगणना नगरातला माणूस जनगणनेच्या पुस्तकात शहरी, पण ग्रामसभेला जाणारा, ग्रामपंचायतीला कर भरणारा आणि ग्रामीण योजनांत मोडणारा. एकाच माणसाचे दोन कागद दोन तऱ्हांनी बोलतात.

पुढचा अध्याय तर तयारच आहे. २०१४ च्या धोरणानुसार तालुक्याची ठिकाणे असलेल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्यात आल्या आणि आपल्याकडे सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी त्यात आल्या. २०११ च्या पुस्तकात या चारही ठिकाणी नागरी स्थानिक संस्था नव्हती. आता ती कायद्याने शहरे आहेत, त्यांना तीन कसोट्या लागत नाहीत.

एकाच जिल्ह्यावर अनेक जाळी

जनगणनेची हद्द ही एकच हद्द नव्हे. वर्धा लोकसभा मतदारसंघ घ्या. त्यात वर्धा, देवळी, हिंगणघाट आणि आर्वी या विधानसभा मतदारसंघांबरोबर अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे आणि मोर्शीही येतात. निवडणुकीच्या बातमीतले ‘वर्धा’ आणि जिल्ह्याच्या अहवालातले ‘वर्धा’ ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत.

राष्ट्रीय नमुना पाहणीची जाळी त्याहून निराळी. खर्च, रोजगार, शेतकरी कुटुंबांची स्थिती यांच्या पाहण्यांसाठी तिने महाराष्ट्राचे सहा पट्टे पाडले आहेत. पीकपाणी आणि वस्ती सारखी असलेले जिल्हे एकत्र, हे त्यामागचे तत्त्व. महसूल खात्याच्या लेखी वर्धा नागपूर विभागात येतो, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीबरोबर. नमुना पाहणीत मात्र वर्धा आणि नागपूर हे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ यांच्याबरोबर बसतात आणि धानाचे चार पूर्वेकडचे जिल्हे वेगळा पट्टा होतात. कपाशीने नदी ओलांडली, असे म्हणा. आता ‘विदर्भातला सरासरी खर्च’ अशी बातमी वाचली की विचारायला हवे, कोणता विदर्भ? जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने नमुना निवडताना जिल्हा हाच मूळ घटक धरायला सुरुवात केली आहे. त्यामुळे पुढे जिल्ह्याचे अंदाज मिळणे सोपे होईल, पण पट्ट्यांच्या जुन्या आकड्यांशी त्यांची तुलना जपून करावी लागेल.

शेतकऱ्याच्या खिशाला थेट भिडणारी रेघ याहून बारीक आहे: महसूल मंडळ. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात आणि तो मोजतात मंडळातल्या पर्जन्यमापकावर. कापूस, तूर, सोयाबीन यांच्या पीक विम्यातही मुख्य घटक मंडळ. दोन शेते एकाच धुऱ्याला लागून असतात, पाऊस दोन्हींवर सारखा कोसळतो, पण धुऱ्यावरून मंडळाची सीमा जात असेल तर एका शेताची नोंद ६८ वर होते आणि दुसऱ्याची १२ किलोमीटर दूरच्या मापकावर ५१. एकाला मदत, दुसऱ्याला नाही. मंडळांची फेररचना झाली की गावे एका मापकाखालून दुसऱ्याखाली जातात. म्हणून मंडळ बदलण्याची अधिसूचना शेतकऱ्याने बाजारभावाइतक्याच लक्षाने वाचावी.

जगभरचा हाच पेच

हे आपल्याकडचेच दुखणे नाही. १९७९ मध्ये स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या घेतल्या आणि त्यांचे निरनिराळे गट पाडून पाहिले. रिपब्लिकन पक्षाचे मतदार आणि साठीपुढची माणसे यांचा संबंध किती घट्ट, हा प्रश्न होता. माणसे तीच, मते तीच. पण गट बदलले की उत्तर ‘अगदी घट्ट’ पासून ‘अगदी उलट’ पर्यंत कुठेही नेता येते, असे त्यांनी दाखवले.

अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्यात काउंट्यांची सरकारे १९६० मध्ये बंद झाली, तरी जनगणना खाते आठ काउंट्यांचे आकडे छापत राहिले. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नऊ नियोजन प्रदेश स्वीकारले. जुन्या आठांची नव्या नऊंशी जुळणी थेट होत नाही. पण तिथे १६९ ‘टाउन’ आहेत, आपल्या मौजांसारखे, आणि तेवढे अखंड ठेवल्यामुळे बेरीज पुन्हा करता येते. युरोपीय संघाने तर प्रदेशांच्या तीन पातळ्या ठरवून लोकसंख्येच्या मर्यादाही घातल्या आहेत: मधल्या पातळीला ८ लाख ते ३० लाख. आपला १३ लाखांचा वर्धा जिल्हा त्या मापाने मधल्या पातळीत बसला असता. शिवाय एकदा केलेली रचना किमान तीन वर्षे बदलायची नाही, असा तिथे दंडक आहे. तिन्ही उदाहरणांतून शहाणपण एकच निघते: वीट लहान आणि टिकाऊ ठेवा, भिंती मग हव्या तशा बांधा.

वाचकाने काय करावे?

पत्रकार असो, विद्यार्थी असो की सरपंच, दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी चार प्रश्न विचारावेत. दोन्ही वेळी हद्द एकच होती का? ती कोणत्या तारखेला गोठवली होती? गावाचा शिक्का मधल्या काळात ग्रामीणचा शहरी झाला का? आणि टक्केवारी माणसांवरून काढली आहे की टक्क्यांची सरासरी करून? चारपैकी कोणत्याही एकाचे उत्तर मिळाले नाही तर तुलना सोडून द्यावी. तोच आकडा एकटा वापरावा आणि शेजारी त्याची हद्द लिहावी.

२०२७ चे आकडे येतील तेव्हा वर्धा जिल्ह्यातली शहरी लोकसंख्या पुन्हा उडी मारलेली दिसेल आणि मथळे होतील. त्या मथळ्याखाली एक ओळ असायला हवी: २०११ मध्ये जिल्ह्यात सहा नागरी स्थानिक संस्था होत्या, २०२७ च्या मोजणीसाठी हद्दी गोठवल्या त्या दिवशी सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी त्यांत आलेल्या होत्या. ती ओळ छापलेली नसेल तर वाचकाने ती स्वतः पेन्सिलीने लिहावी आणि मगच पुढचे वाचावे.